बदल्यात काही नाही

"गुडघा दुखतो," जालू म्हणाला.

किणीकर मॅडमनी फायलीतून मान वर केली. "कुठला?"

जालूनं क्षणभर आपल्याच पायांकडे पाहिलं. "उजवा."

जालिंदर माझा पाठचा भाऊ, माझ्याहून चार वर्षांनी लहान. त्याचा उजवा काय किंवा डावा काय, गुडघा जन्मात कधी दुखला नव्हता. हे त्या खोलीत तिघांना ठाऊक होतं: त्याला, त्याच्या बायकोला मंदाला आणि मला. मंदा तोंड उघडणार तेवढ्यात जालूनं तिच्याकडे असं बघितलं की ती गप्प बसली.

दोन हजार आठ सालचा जानेवारी होता. त्याआधी दोन वर्षांपूर्वी जालूच्या दोन्ही किडन्या कामातून गेल्या होत्या. मंदाचा रक्तगट जुळेना. आई कधीच गेली होती आणि वडील थकलेले. माझी जुळली. माझे मालक वारून तेव्हा चार वर्षं झाली होती, लेक लग्न होऊन चिंचवडला नांदत होती, तेव्हा कुणाची परवानगी काढायचा प्रश्न नव्हता. माझी डावी किडनी काढून त्याच्या पोटात उजव्या अंगाला, खाली जांघेच्या वर बसवली. महिनाभरात मी परत शिलाई मशीनवर बसले. शाळांच्या गणवेशाचं काम होतं माझं, जूनच्या आधी शंभर फ्रॉक द्यायचे होते.

ऑपरेशन छान झालं होतं, तरीही त्या दिवशी मॅडमचा चेहरा चांगला नव्हता.

"वजन चौसष्टवरून त्र्याऐंशी. साखर सुरू झाली. क्रिएटिनिन एक पॉइंट दोन होतं, ते एक पॉइंट सातवर गेलंय. जालिंदर, नवी किडनी म्हणजे नवा टायर नाही, बसवला आणि विसरलो. रोज चालायला सांगितलं होतं. चालता?"

"चालतो की."

"कुठपर्यंत?"

"कोपऱ्यापर्यंत," मंदाच म्हणाली. "फरसाण आणायला."

मॅडम हसल्या नाहीत. "आधी काय करायचा तुम्ही? खेळ, व्यायाम?"

"हॉकी, मॅडम," मंदाला आता राहवेना. "खडकीत लहान पोरगं पण ओळखतं ह्यांना. चाळिशी उलटली तरी दर रविवारी त्या म्हाताऱ्यांच्या टोळीत जायचे. आता मैदानाच्या रस्त्यानं जात पण नाहीत. लांबून वळसा घालतात."

"हॉकी." मॅडमनी पेन खाली ठेवलं. "हे बघा, किडनी पुढच्या बाजूला आहे, वर बरगडीचा आडोसा नाही. चेंडू लागला तर इजा होऊ शकते. म्हणून खेळा असं मी लिहून देणार नाही. पण ऑपरेशनला दोन वर्षं झालीत, जखम पक्की आहे. पोटाला नीट संरक्षण बांधून, बरोबरीच्या माणसांत, दम लागला की थांबून खेळणार असाल तर खेळू नका असंही लिहिणार नाही. तुम्ही जे आता करताय ना, ते बसून राहणं, ते चेंडूपेक्षा वाईट आहे."

तेव्हा जालू म्हणाला, गुडघा दुखतो. आणि मी पर्सची चेन उघडत-लावत बसले.

रिक्षात जालू पुढं ड्रायव्हरजवळ बसला. मागं मंदानं माझा हात धरला. "वन्सं, मी तुम्हाला सांगणार नव्हते. बुधवारी सकाळची गोळी संध्याकाळी तशीच टेबलावर होती. त्याच्या आधी पण एकदा. विचारलं तर म्हणतात, राहिली. नऊ म्हणजे नऊला घेणारा माणूस हो हा! घड्याळाचा गजर लावायचा. आता गजर वाजतो आणि हे नुसते बंद करतात."

त्या गोळ्या बंद म्हणजे अंग ती किडनी परकी समजून नासवणार, हे आम्हाला पहिल्या दिवशीच पढवलं होतं.

"मरायचं नाहीये त्यांना," मंदा म्हणाली. "पण जगायचं पण मनावर घेत नाहीत."

दुसऱ्या दिवशी मशीनवर बसले तर तीन वेळा दोरा तुटला. शेवटी उठले आणि सेल्वमकडे गेले.

सेल्वम आमच्या जुन्या चाळीतला. त्याचे आईवडील तमिळ, पण तो खडकीतच जन्मला, आमच्याबरोबरच मोठा झाला. माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा. आधी फॅक्टरीच्या संघातून खेळायचा, आता म्हाताऱ्यांच्या टोळीचा फुल बॅक. अंगानं आडवा, पाय धोतऱ्याच्या मुळीसारखे वाकडे, पण त्याच्या अंगावरून चेंडू नेणं अजून कुणाला जमत नव्हतं. तो दारात चप्पल शिवत बसला होता.

"शालू? तू इकडं कशी?"

मी सगळं सांगितलं. डॉक्टर काय म्हणाल्या ते सांगितलं, वजन सांगितलं, गोळ्यांचं सांगितलं. "त्याला रविवारी खेळायला घ्या," म्हटलं.

सेल्वमनं सुई चपलेत खुपसून ठेवली. "न्हाय जमणार."

"का?"

"अगं, माझ्याच स्टिकनं उडालेला बॉल लागला त्याच्या पोटाला तर? मंदाला काय तोंड दाखवू? तुला काय दाखवू? तुझी किडनी हाय ती."

"माझी नाही. त्याची आहे."

"बोलायला सोपं हाय." त्यानं माझ्याकडे बराच वेळ बघितलं. "आणि तोच येत न्हाय ना. मी दोनदा गेलो बोलवायला. खेळू नको, नुसता बस येऊन, म्हटलं. दार पण पुरतं उघडलं न्हाय. काय झालं त्याला?"

मी गप्प. सेल्वम मला पोरीपासून ओळखत होता, त्यामुळे माझं गप्प बसणंही ओळखत होता.

"तू नको म्हटलंस?"

मी मान डोलावली.

त्यानं चप्पल बाजूला ठेवली, आत जाऊन पाण्याचा तांब्या आणला, माझ्या हातात दिला. मग म्हणाला, "त्याला आण. बाकीच्यांना मी बघतो. पण पोटावर बांधायला काहीतरी पक्कं कर. तू शिवतेस ना?"

खरं तर जालूकडे जायची मला भीती वाटत होती, म्हणून मी आधी सेल्वमकडे गेले होते. आता पळवाट उरली नाही.

शनिवारी दुपारी गेले. मंदा ड्युटीला गेली होती, जालू गॅलरीत खुर्चीवर, पाय कठड्याला लावून. ऑपरेशननंतर फॅक्टरीनं त्याला स्टोअरमध्ये बसून करायचं काम दिलं होतं, तेव्हापासून तो जिथं जाईल तिथं बसूनच असायचा. माझ्या पिशवीत क्रिकेटवाले मांडीला बांधतात ते पॅड होतं, फोम होता, जाड कॅनव्हास आणि टेप.

"ऊठ, माप घ्यायचंय," मी म्हटलं.

"कसलं?"

"पोटाचं. उद्या सकाळी सात वाजता मैदानावर जायचं. सेल्वमशी बोलले मी."

तो हलला नाही. "आक्का, मी शब्द दिलाय."

"कुणाला?"

"असं काय विचारतेस?"

माझ्याच तोंडून ऐकायचं होतं त्याला, की मीच ते ऐकायला गेले होते, कुणास ठाऊक. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळची गोष्ट. वॉर्डात आम्ही दोघंच होतो. त्याचा चेहरा सुजलेला, डायलिसिसचा हात सुयांनी काळानिळा पडलेला. तो म्हणाला, आक्का, काय करू मी तुझ्यासाठी, सांग. आणि मी म्हटलं, शब्द दे. पुन्हा स्टिकला हात लावणार नाहीस. जन्मात नाही. तो माझ्याकडे बघत राहिला होता. मग तोच काळानिळा हात त्यानं माझ्या हातावर ठेवला होता.

"मी तो शब्द परत घेते," मी म्हटलं.

"शब्द असा परत घेता येतो होय?" तो पहिल्यांदा माझ्याकडे वळला. "मग तू दिलंस ते पण परत घेशील?"

"जालू!"

"रागावू नको. पण मी दोन वर्षं पाळलाय तो. सहज नाही पाळला. रविवारी सकाळी ह्या गॅलरीत ऐकू येतं, बॉल फळीवर आपटलेला. मी आत जाऊन नळ सोडतो, ऐकू नये म्हणून. आता तू येऊन सांगतेस, जा खेळ. रिपोर्ट वाईट आला म्हणून! तू काळजीपोटी मागितलंस, मी दिलं. आता काळजीपोटीच परत घेतेस. मग मी काय, तुझ्या काळजीच्या तालावर..."

"काळजीपोटी नव्हतं मागितलं."

माझ्या तोंडातून निघून गेलं. तो थांबला.

मी खाली फरशीवरच बसले. खुर्चीवर बसून ते सांगता आलं नसतं.

"ऑपरेशनच्या आधी परवानगी देणाऱ्या त्या कमिटीसमोर उभं केलं होतं ना मला," मी म्हटलं. "चार जण होते. व्हिडिओ चालू होता. साहेबांनी विचारलं, बाई, तुम्ही राजीखुशीनं देताय? म्हटलं, हो. बदल्यात काही घेताय? म्हटलं, काही नाही, सख्खा भाऊ आहे माझा. ते 'काही नाही' खोटं होतं, जालू. तिथं उभी असतानाच माझं ठरलं होतं काय मागायचं ते."

"मला चेंडू लागेल म्हणून..."

"ते होतंच. मंदाला मी तेच सांगितलं, तुलाही तेच भासवलं. पण तेवढंच असतं तर म्हटलं असतं, जपून खेळ. डॉक्टरांना विचार. जन्मात नाही, असं कशाला म्हटलं असतं?"

खाली रस्त्यावर भंगारवाला ओरडत गेला. तो लांब जाईपर्यंत मी थांबले.

"शहात्तर साली माझं नाव जिल्ह्याच्या मुलींच्या संघात आलं होतं. राइट हाफ. शाळेच्या फळ्यावर लिहिलं होतं, कुदळे शालन. तू अकराचा होतास. त्याच महिन्यात आईनं अंथरूण धरलं. अण्णा म्हणाले, दोघं मैदानावर गेलात तर घरात चूल कोण पेटवणार? आणि मग शाळेच्या बाई घरी आल्या तेव्हा अण्णांनी त्यांना चहा पाजून परत पाठवलं. मीच केला होता तो चहा. तू संध्याकाळी घामाघूम होऊन यायचास. तुझे लाल मातीनं भरलेले मोजे मी धुवायची. अण्णा तुला विचारायचे, किती गोल? तू सांगायचास. मी भाकरी थापत ऐकायची. तुझा काही दोष नव्हता. तू लहान होतास. पण त्या दिवशी वॉर्डात तू म्हणालास, काय करू तुझ्यासाठी? तीस वर्षांत पहिल्यांदा तुला हवं असलेलं काहीतरी माझ्या हातात होतं. आणि मी म्हटलं, आता तूही बस घरी."

मला वाटलं होतं तो ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"मला ठाऊक होतं," जालू म्हणाला.

"काय?"

"त्याच संध्याकाळी कळलं मला. तू 'जन्मात नाही' म्हणालीस ना, तेव्हा तुझा चेहरा बघितला." तो हळू बोलत होता. "अकराचा होतो, पण आंधळा नव्हतो, आक्का. तुझी स्टिक अण्णांनी मलाच दिली होती. माझ्या उंचीला मोठी होती, म्हणून वरून कापून घेतली. कापताना तू तिथं उभी होतीस. म्हणून तर मोडला नाही शब्द. वाटलं, हे तरी हिला मिळू दे."

मी पदर तोंडाला लावला. रडायचं वय नव्हतं माझं, सत्तेचाळीस वर्षांची बाई. पण रडले. तो खुर्चीवरून उतरून माझ्याशेजारी फरशीवर बसला, त्र्याऐंशी किलोंचं ओझं सांभाळत, धापा टाकत. खाली बसायलाच त्याला एवढा दम लागला की मी रडता रडता थांबले.

"बघ कसा झालायस," मी म्हटलं.

"तूच बघ. तुझीच करणी," तो म्हणाला, आणि आम्ही दोघंही हसलो. वाईट हसलो, नाक ओढत, पण हसलो.

मग तो म्हणाला, "रिपोर्ट वाईट आला म्हणून शब्द सोडतेस, की खरंच सोडतेस?"

"खरंच सोडते. आणि गोळी चुकवलीस पुन्हा तर कानाखाली देईन. ती किडनी तुझी आहे, तुझी तू सांभाळ. मी पहारा द्यायला येणार नाही."

त्यानं शर्ट वर केला. टेप लावायला मी व्रण चाचपला आणि हाताला उंचवटा लागला. कातडीखाली, मुठीएवढा, गरम. दोन वर्षांत मी तिथं कधी हात लावला नव्हता. माझ्या पाठीत ती होती तेव्हा मला ती कधी जाणवली नव्हती, इथं ती हाताला लागत होती. मी पटकन माप वहीत टिपलं, पेन्सिल दोनदा मोडली.

पॅड त्याच रात्री पुरं केलं. बाहेर कॅनव्हास, मधे पॅडच्या कडक पट्ट्या, आतून दुहेरी फोम, कमरेला रुंद पट्टा.

रविवारी थंडी चांगलीच होती. मैदानावर पंधरा-सोळा जण असतील, सगळे चाळीस-पन्नास-साठीचे, कुणाच्या गुडघ्याला पट्टा, कुणाच्या डोक्याला मफलर. जालू दिसला तसे सगळे गोळा झाले. कुणी पाठीवर थाप मारली, मग एकदम हात मागे घेतला, जणू तडा जाईल. मी आणि मंदा कडेला दगडावर बसलो. मंदानं पाण्याची मोठी बाटली मांडीवर घट्ट धरली होती.

खेळ सुरू झाला आणि पाच मिनिटांतच मला काहीतरी चुकतंय असं वाटायला लागलं. चेंडू जालूकडे आला की समोरचा माणूस बाजूला व्हायचा. स्टिक पुढं करायचा, पण नुसती दाखवायला. जालूचा पाय जड झाला होता, दोन वर्षांचा गंज, चेंडू त्याच्या स्टिकवरून सुटत होता, आणि सुटलेला चेंडू समोरचाच हळूच परत त्याच्याकडे ढकलत होता. मुश्ताक नावाचा सडपातळ माणूस होता, पन्नाशीतही हरणासारखा पळणारा. तो जालूसमोर आला की चक्क थांबायचा. एकदा जालू तसाच चालत-चालत गोलापाशी गेला आणि चेंडू आत ढकलला. गोलकीपरनं पाय उचलून वाट दिली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

जालूनं टाळ्या वाजवणाऱ्यांकडे बघितलं. त्याचा चेहरा मला इथून दिसत होता. कुणी मेलेल्या माणसाच्या घरी भेटायला यावं आणि त्याचं कौतुक करावं, तसं त्याला वाटत होतं. तो वळला आणि कडेकडे चालायला लागला. पॅडचा पट्टा सोडायला त्यानं हात मागे नेला.

"काय झालं?" मंदा उठली. "दुखतंय का?"

"नाही," मी म्हटलं.

मी उठले. साडीचा पदर खोचला आणि रेषेपाशी जाऊन उभी राहिले.

"सेल्वम!" मी ओरडले. इतक्या जोरात मी आयुष्यात त्या मैदानावर ओरडले नव्हते, खेळत होते तेव्हासुद्धा. "अरे, अडव की त्याला! हळदीकुंकवाला बोलावलंय का?"

सेल्वम माझ्याकडे बघत राहिला. मग जालूकडे बघितलं. जालूचा हात पट्ट्यावरच थांबला होता. मग त्यानं तो काढून घेतला आणि परत आत गेला.

पुढचा चेंडू त्याच्या बाजूच्या एकानं त्याला दिला. जालू उजवीकडून निघाला. आता तो पळत होता, पोट सांभाळत, तोंड उघडं टाकून, पण पळत होता. सेल्वम पुढं आला. तो बाजूला झाला नाही. जालूनं डावीकडे दाखवून उजवीकडे घेतलं, अगदी जुन्या वळणानं, आणि सेल्वमनं गुडघा टेकून स्टिक जमिनीवर आडवी घातली. खट्कन आवाज झाला. चेंडू सेल्वमकडे राहिला आणि जालू कोलमडून लाल मातीत चारी पायांवर गेला.

मंदा किंचाळली. मी मोजत होते, काय मोजत होते कुणास ठाऊक.

जालू उठून बसला. कोपर खरचटलं होतं, तोंडात माती गेली होती, ती त्यानं थुंकली. पोटावर हात ठेवून एकदा चाचपलं. मग दोन्ही हात पसरून तो ओरडला, "ए काळ्या, फाऊल आहे हा!"

"कसला फाऊल?" सेल्वम तितक्याच जोरात. "बॉलला लागली स्टिक!"

"पायाला लागली! मुश्ताक, तू बघितलंस ना?"

"मला काही दिसलं नाही."

"तुला कधी दिसलंय आयुष्यात? तीस वर्षं हा असाच पाय मारतो आणि कुणाला दिसत नाही!"

सगळे भोवती जमले. दोन्ही बाजूंनी एकाच वेळी बोलायला लागले. सेल्वम स्टिकचं टोक मातीवर आपटून जागा दाखवत होता, जालू त्याच्या छातीला बोट लावून दुसरी जागा दाखवत होता. त्याचा आवाज रस्त्यापलीकडे ऐकू गेला असता.

मंदानं माझा दंड घट्ट पकडला. "वन्सं, जा ना मधे. भांडतायत हो."

"भांडू दे," मी म्हटलं.